जुनी पिकअप, दोन लाख किलोमीटर आणि रविवारचा एक तास

सेकंडहँड पिकअपच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एकच होता: "सर, दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी घेतली तर ती धंदा करू देईल का, की गॅरेजलाच पोसत बसावं लागेल?" व्हिडिओत मी घाईत उत्तर दिलं होतं. आज सविस्तर सांगतो, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आमचं दुकान संगमनेरला, पशुखाद्याचं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीला आठ दिवस होते. आळेफाट्याकडच्या एका नव्या गिऱ्हाइकाची पहिली मोठी ऑर्डर होती. ५० किलोच्या २४ गोण्या, म्हणजे १२०० किलो माल. चंदनापुरी घाटात गाडी हीट झाली आणि बंद पडली. माल दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीतून पोहोचवला, पण तोवर गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल उचलला होता. ते गिऱ्हाईक आजपर्यंत परत आलेलं नाही.

हेड गॅस्केट गेलं होतं. हेड उतरवून काम करायला ३८ हजार लागले. ते पैसे दिवाळीच्या स्टॉकसाठी ठेवले होते. मूळ दुखणं काय निघालं? रेडिएटरचा खालचा होज पाइप तडकला होता. काहीशे रुपयांची वस्तू!

मी आधी ड्रायव्हरकाकांवर ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, पाणी कमी होतंय हे मी दोनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बोअरचं टाका आणि निघा." खरं होतं ते. त्या दिवशी माफी मागितली आणि वही घातली. त्या वहीतलंच आज तुमच्यासमोर ठेवतोय.

घाटात नेमकं काय झालं?

इंजिनची उष्णता कूलंट रेडिएटरपर्यंत नेतं. कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. ते उशिरा उकळतं आणि आतून गंज धरू देत नाही. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. चहाच्या पातेल्यात बसतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि नळ्या बुजतात. त्यात होज पाइपमधून गळती, वर भरलेली गाडी आणि चढ. इंजिन तापलं की हेड वाकतं किंवा गॅस्केट जळतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कूलंट पार संपलं तर टेंपरेचरचा काटा कधी कधी खालीच दिसतो, कारण सेन्सर कूलंटमध्ये बुडालेलाच नसतो. म्हणून फक्त काट्याच्या भरवशावर राहू नका, सकाळी बाटली बघा.

आणि गाडी हीट झालीच तर बाजूला घेऊन बंद करा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका. पूर्ण निवू द्या, मग बघा.

रोज सकाळी पाच मिनिटं

गाडी सपाट जागी, इंजिन गार, स्टार्टर मारायच्या आधी:

१. ऑइल गेज ओढा, पुसा, परत घाला, मग वाचा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. डिझेल गाडीचं ऑइल लवकर काळं होतं, त्याला घाबरू नका. पण ते दुधाळ किंवा चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

२. कूलंटची बाटली कमाल-किमान खुणांच्या मध्ये आहे का? रोज थोडं थोडं कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय. भरत बसू नका, शोधा.

३. गाडीखाली जमिनीवर बघा. डाग ऑइलचा आहे, कूलंटचा आहे की डिझेलचा? चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेक ऑइल असू शकतं. अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही.

४. टायरला एक फेरी मारा. जोड चाकं असतील तर मधे अडकलेला दगड बघा. स्टेपनीत हवा आहे ना?

५. ब्रेक पेडल दाबून बघा. स्पंजसारखं लागलं तर गाडी तिथेच थांबवा.

रविवारचा एक तास

*एअर फिल्टर.* मातीच्या रस्त्यावर गाडी चालत असेल तर हा लवकर बुजतो. हवेचा प्रेशर आतून बाहेर मारायचा, बाहेरून आत नाही, नाहीतर धूळ आणखी आत रुतते. कागद फाटला असेल किंवा आतल्या बाजूला धूळ दिसली तर सरळ बदला. त्यात काटकसर केली तर धूळ थेट इंजिनात जाते.

*डिझेल फिल्टर.* बऱ्याच गाड्यांत खाली पाणी काढायचा स्क्रू असतो. डबा धरा, स्क्रू सैल करा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. फिल्टर बदलल्यावर लाइन एअर घेते, मग हँडपंप मारून एअर काढावी लागते. नाहीतर स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरते.

*बॅटरी.* टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली की करंट नीट जात नाही. आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा. सोड्याचं पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. सुकवा, जोडताना आधी पॉझिटिव्ह, वर थोडं व्हॅसलीन. पाण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

*बेल्ट आणि होज.* बेल्टवर चिरा पडल्यात का, सकाळी चिरचिर आवाज येतो का? होज पाइप गार असताना दाबून बघा. फार कडक, फुगलेला किंवा तडे गेलेला असेल तर बदला. मी हे दहा सेकंदांचं काम केलं असतं तर ३८ हजार वाचले असते.

*ग्रीस.* प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि पाट्यांच्या शॅकलला जिथे निप्पल आहे तिथे ग्रीसगन लावायची. निप्पल आधी पुसा, नाहीतर माती आत ढकलाल. गिअर टाकताना खालून "टक" असा आवाज येत असेल तर क्रॉसकडे लक्ष द्या.

*टायर.* हवा टायर गार असताना तपासायची. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच बाजू झिजली तर अलाइनमेंट करून घ्या. १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी उरलेला टायर कायद्याने चालत नाही, आणि पावसाळ्यात तर जिवावर बेततो.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर बघा, स्वस्तातलं कारण तेच. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो. गार सकाळी थोडा पांढरा धूर चालतो, पण इंजिन तापल्यावरही पांढराच येत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर गॅस्केटची शंका घ्या. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गार इंजिन लपवाछपवी करत नाही.

कुठे हात लावायचा नाही

ब्रेकची दुरुस्ती, स्टिअरिंग, इंजेक्टर, टायमिंग ही कामं मेकॅनिकचीच. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचं नाही. खाली स्टँड हवा आणि चाकांना ठोकळा. पाचशे रुपये वाचवण्यासाठी जीव घालवायचा नाही, मित्रांनो. आणि जुनं ऑइल गटारीत किंवा बांधावर ओतू नका, डब्यात साठवून गॅरेजला द्या.

आता हिशेबाचं बोलू

बीबीएला डेप्रिसिएशन शिकलो होतो, कळलं मात्र घाटात. गाडी रोज थोडी झिजते, बिल मात्र एकदम येतं. म्हणून झिजेचे पैसे रोज बाजूला काढायचे. समजा तुमची गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर पळते आणि तुम्ही किलोमीटरमागे २ रुपये वेगळे ठेवता. महिन्याला ६,०००, वर्षाला ७२,००० झाले. टायर, क्लच, ऑइल यातून निघतं, मालाच्या भांडवलाला हात लागत नाही. २ रुपये हा फक्त उदाहरणाचा आकडा. तुमचा खरा आकडा मागच्या वर्षाची बिलं भागिले किलोमीटर करून काढा आणि तो भाड्यात धरा. डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार धरून भाडं सांगणारे खूप भेटतात. झीज न धरणारा माणूस धंदा करत नसतो, गाडी विकत असतो, रोज थोडी थोडी.

वहीत चार रकाने पुरतात: तारीख, किलोमीटर, काय केलं, किती खर्च. मी पाचवा ठेवलाय: "ड्रायव्हर काय म्हणाला". सगळ्यात जास्त पैसे त्याच रकान्याने वाचवले. गाडी आपल्या नावावर असते, पण तिचा आवाज त्याच्या कानात असतो.

आमची तीच पिकअप आज २ लाख ८० हजारांवर आहे आणि आठवड्यातून दोनदा तोच घाट चढते. ती नवी झालेली नाही, मी बघायला लागलोय एवढंच.

या रविवारचं तुमचं काम: वही घ्या, गाडीची सध्याची किलोमीटर लिहा, होज पाइप दाबून बघा. बाकीचं पुढच्या रविवारी. भेटू पुढच्या व्हिडिओत!