मैदानावरून माइकपुढे: जगबीर सिंग

रायपूरच्या सरदार पटेल स्टेडियमवर ६ डिसेंबर २०१५ रोजी भारताने हॉकी वर्ल्ड लीगचे कांस्य जिंकले. नेदरलँड्सशी ५-५ अशी बरोबरी, मग शूटआउटमध्ये ३-२! असा सामना श्रोत्यांपर्यंत पोहोचवायला स्वतः खेळलेला माणूस हवा. जगबीर सिंग अशांपैकी एक. आग्र्याचे हे आघाडीपटू १९८८ (सोल) आणि १९९२ (बार्सिलोना) अशी दोन ऑलिंपिक खेळले. पुढे जर्मनीत श्टुटगार्टर किकर्स या क्लबकडून खेळले. निवृत्तीनंतर टीव्हीवर समालोचन. आपल्याकडे क्रिकेटमध्ये गावसकर, शास्त्री, मांजरेकर अशी रांगच आहे. हॉकीला मात्र असे आवाज फार थोडे मिळाले.