पाण्यासकट देश
(लेखमाला : नवे देश, जुनं जग – भाग सहावा)

१४ ऑगस्ट १९४७. दिल्लीत मध्यरात्रीच्या सोहळ्याची तयारी चालली होती. त्याच दिवशी न्यूयॉर्कजवळच्या लेक सक्सेस इथं सुरक्षा परिषदेपुढे सुतान शाहरिर बोलायला उभे राहिले. नुकतेच ते इंडोनेशियाच्या पंतप्रधानपदावरून उतरले होते. परिषदेत बसलेल्या बहुतेक देशांच्या लेखी त्यांचा देश अस्तित्वातच नव्हता. तरीही त्यांना बोलावलं गेलं आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं.

गेल्या भागात आपण हैती पाहिला. स्वातंत्र्य लढून मिळवलेला तो देश १८२५ साली फ्रान्सच्या मान्यतेसाठी १५ कोटी फ्रँकचं ओझं डोक्यावर घेऊन बसला. मान्यता देणाराच तिची किंमत ठरवत होता आणि हैतीच्या बाजूनं बोलणारं जगात कुणी नव्हतं. सव्वाशे वर्षांनी इंडोनेशियालाही किंमत मोजावी लागली. फरक इतकाच की या वेळी बाजूनं बोलणारे होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या स्वतःच्या हाती सत्ता नव्हती.

जपान शरण आल्यावर दोन दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४५ रोजी, राष्ट्रवादी नेते सुकार्नोंनी जाकार्तातल्या आपल्या घरासमोर दोन वाक्यांची स्वातंत्र्यघोषणा वाचली. खाली सही सुकार्नो आणि त्यांचे सहकारी हाता यांची. मात्र आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वहीत ही सारी बेटं डचांच्याच नावावर होती. सहा-सात आठवड्यांत दोस्तांच्या फौजा उतरल्या. जपानी सैन्याला निःशस्त्र करणं आणि युद्धकैद्यांना सोडवणं हे त्यांचं काम. त्यांच्या मागोमाग डच अंमलदारही परतणार, हे जावात कुणालाच सांगावं लागलं नाही.

त्या फौजा ब्रिटिश असल्या तरी त्यातले शिपाई बहुतांशी हिंदी होते. ऑक्टोबर १९४५ अखेर सुराबाया बंदरात उतरलेल्या ४९व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही होत्या. ३० ऑक्टोबरला या ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. १० नोव्हेंबरपासून शहरावर तोफा आणि विमानं चालून गेली, आणि गल्लोगल्ली लढाई पेटली. इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा आजही वीरदिन आहे. आपल्याकडे मात्र ही लढाई पलटणींच्या इतिहासाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही, आणि हे मला मनापासून खटकतं. घाटावरची आणि कोकणातली माणसं परक्याच्या हुकमावरून, स्वतःसारख्याच पारतंत्र्यातल्या लोकांवर गोळ्या झाडत होती आणि स्वतःही तिथं मरत होती. काही शेकडो हिंदी शिपाई पलटण सोडून इंडोनेशियन बाजूला गेले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावरच्या नाविकांनी बंड केलं. जेवण आणि पगाराच्या मागण्यांबरोबर त्यांची एक मागणी अशीही होती, की इंडोनेशियातून हिंदी सैन्य मागं घ्या. स्वतः बेड्यांत असलेल्या माणसांनी दुसऱ्याच्या बेड्यांबद्दल बोलावं, ही मोठी गोष्ट आहे.

दर्यावरही असंच चाललं होतं. ऑस्ट्रेलियातल्या गोदी कामगारांनी डच जहाजांवर माल चढवायला नकार दिला आणि तिथल्या हिंदी खलाशांनी त्यांना साथ दिली. इकडे हिंदुस्थानात अन्नाची टंचाई होती, बंगालचा दुष्काळ ताजा होता. १९४६ मध्ये शाहरिरांनी हिंदुस्थानला पाच लाख टन भात देऊ केला. त्याच्या बदल्यात कापड आणि गरजेच्या वस्तू मागितल्या. डच नाकेबंदीमुळे तो सगळा इथवर पोचणं अवघडच होतं. पण जगानं न मानलेल्या सरकारनं अजून स्वतंत्र नसलेल्या देशाशी व्यवहार केला, तोही उपाशी लोकांना धान्य देण्याचा. राजदूताची अधिकारपत्रं नव्हती, पण देशासारखं वागणं सुरू झालं होतं.

मार्च १९४७ मध्ये लिंगजाती करारावर सह्या झाल्या. जावा, मादुरा आणि सुमात्रावर इंडोनेशियन प्रजासत्ताकाचा प्रत्यक्ष ताबा आहे, एवढं डचांनी मान्य केलं. जूनमध्ये इजिप्तनं मैत्रीचा करार केला. आणि २१ जुलैला डच फौजा प्रजासत्ताकाच्या मुलखात घुसल्या. हेगमध्ये या चढाईला ‘पोलिसी कारवाई’ म्हणत होते. आपल्याच घरात शिस्त लावतो आहोत, तर संयुक्त राष्ट्रांचा संबंध काय, हा त्यामागचा युक्तिवाद. सनदेच्या दुसऱ्या कलमात देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायला मनाई आहेच. आदल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेनं तिथल्या हिंदी लोकांच्या प्रश्नावर हीच ढाल पुढे केली होती, आणि विजयालक्ष्मी पंडितांनी आमसभेत ती निष्प्रभ केली होती.

ओडिशाचे बिजू पटनाईक डच नाकेबंदी चुकवून डाकोटा विमान घेऊन गेले आणि शाहरिरांना बाहेर काढून आणलं. २९ जुलैला पटनाईकांच्याच विमान कंपनीचं दुसरं डाकोटा मलायातल्या रेडक्रॉसची औषधं घेऊन योग्याकार्ताला येत असताना डच विमानांनी पाडलं. दुसऱ्याच दिवशी, ३० जुलैला, भारत आणि ऑस्ट्रेलियानं हा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे नेला. तारीख पुन्हा पाहा : स्वतंत्र व्हायला भारताला अजून पंधरवडा बाकी होता.

१ ऑगस्टला परिषदेनं ठराव केला. सार्वभौम कोण, वसाहत कोण, या वादात न शिरता त्यात ‘दोन्ही पक्षांना’ लढाई थांबवायला सांगितलं होतं. पक्ष म्हटलं की दोघांनाही सारखंच लेखलं जातं. नेदरलँड्स आणि त्याची बंडखोर प्रजा अशी मांडणी तिथंच मोडली. पुढे मध्यस्थी समिती नेमली तेव्हा नियम ठरला : दोघांनी एकेक देश निवडायचा, आणि त्या दोघांनी मिळून तिसरा. डचांनी बेल्जियम निवडला, इंडोनेशियानं ऑस्ट्रेलिया, तिसरी आली अमेरिका. आपला पंच आपण निवडणं हा देशाचा अधिकार, आणि तो इंडोनेशियानं मान्यतेआधीच बजावला. माझ्या मते मान्यतेच्या कागदापेक्षा या कामकाजाचं मोल जास्त आहे. मान्यता एका दिवसात मिळते. बरोबरीनं वागवून घेण्याची सवय मात्र अशी तुकड्यातुकड्यानं लावावी लागते.

१९ डिसेंबर १९४८ रोजी डचांनी दुसरी कारवाई केली. योग्याकार्ता पडलं, सुकार्नो आणि हाता पकडले गेले. सुमात्रात शाफ्रुद्दीन प्रविरानेगारांनी हंगामी सरकार उभं केलं. भारतानं डच विमानांना आपलं आकाश बंद केलं. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत केवळ इंडोनेशियासाठी परिषद भरवली, आणि तिचे बरेच मुद्दे २८ जानेवारीच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावात उतरले. अमेरिकेचंही मन बदललं होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये मादियूनचं कम्युनिस्ट बंड प्रजासत्ताकानं स्वतःच मोडून काढलं होतं, त्यामुळे सुकार्नो–हाता वॉशिंग्टनला विश्वासाचे वाटू लागले. डच ईस्ट इंडीजला जाणारी मार्शल मदत अमेरिकेनं थांबवली, आणि खुद्द नेदरलँड्सची मदत तोडायची भाषा सिनेटमध्ये सुरू झाली. डच नमले त्यात या पैशाचा वाटा मोठा होता, हे सरळ मान्य करायला हवं. पण तीन वर्षं हा प्रश्न जगाच्या टेबलावर जिवंत ठेवला गेला नसता, तर अमेरिकेला बाजू बदलायची वेळच आली नसती.

२७ डिसेंबर १९४९ रोजी सार्वभौमत्व मिळालं. हेगच्या गोलमेज परिषदेत इंडोनेशियाच्या माथी ४३० कोटी गिल्डरचं कर्ज आलं. आपल्याविरुद्धच्या लष्करी मोहिमांचा खर्चही त्यात धरला आहे, अशी इंडोनेशियन प्रतिनिधींची तक्रार होती. हैतीची आठवण येते ती इथं. पण १९५६ मध्ये इंडोनेशियानं गोलमेज करार मोडला आणि उरलेल्या कर्जाचा बहुतांश भाग नाकारला. हैतीला हे शक्य झालं नव्हतं. २८ सप्टेंबर १९५० रोजी इंडोनेशिया संयुक्त राष्ट्रांचा ६०वा सदस्य झाला. १९५५ मध्ये बांडुंगमध्ये २९ आशियाई-आफ्रिकी देश जमले. बांडुंगवर मराठीत बरंच लिहून झालं आहे, म्हणून मी तिथं थांबत नाही.

मला थांबायचं आहे ते समुद्रापाशी. बहुतेक वसाहतींना जमीन मिळाली की देश मिळत असे, इंडोनेशियाचं तसं नव्हतं. डचांच्या १९३९च्या कायद्यानुसार प्रत्येक बेटाभोवती तीन सागरी मैलांचा पट्टा तेवढा देशाचा, त्यापलीकडे खुला समुद्र. हजारो बेटं, प्रत्येकाभोवती आपापलं कडं, आणि मधल्या पाण्यात कुणीही यावं. जाकार्ताहून मकासारला जायचं तर आपल्याच देशातून देशाबाहेरच्या पाण्यात उतरावं लागे. पश्चिम न्यू गिनी डचांनी १९४९ मध्ये दिली नव्हती, आणि त्यांच्या युद्धनौका जावा समुद्रातून हक्कानं ये-जा करत होत्या. २९ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यू गिनीच्या ठरावाला आमसभेत दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. दोन आठवड्यांत, १३ डिसेंबरला, पंतप्रधान जुआंदा कार्ताविजायांच्या सरकारनं जाहीर केलं : सर्वांत बाहेरच्या बेटांची टोकं सरळ रेषांनी जोडायची. त्या रेषांच्या आतलं सारं पाणी इंडोनेशियाचं, आणि रेषेबाहेर बारा मैल प्रादेशिक समुद्र.

या कल्पनेमागे मोख्तार कुसुमातमाजा हा अवघ्या २८ वर्षांचा कायदेपंडित होता. त्याच्या हाताशी एक आधार होता. खडकाळ आणि बेटांनी वेढलेल्या किनाऱ्यावर नॉर्वेनं आखलेल्या सरळ रेषा १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं वैध ठरवल्या होत्या. युरोपातल्या एका किनाऱ्याला लागू झालेलं तत्त्व आशियातल्या अख्ख्या द्वीपसमूहाला का लागू होऊ नये, हा सवाल बिनतोड होता. अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया यांनी निषेध नोंदवला. जिनिव्हातल्या १९५८ आणि १९६० च्या सागरी परिषदांत काही हाती लागलं नाही. इंडोनेशियानं १९६० मध्ये आपला कायदा केला आणि वाट पाहिली.

इथं सुकार्नोंचा एक उतावीळ निर्णय नोंदवतो. मलेशिया सुरक्षा परिषदेवर निवडून आला म्हणून रागानं जानेवारी १९६५ मध्ये इंडोनेशिया संयुक्त राष्ट्रांतून बाहेर पडला. सप्टेंबर १९६६ मध्ये तो परतला. बाहेर राहून त्याच्या हाती काहीच पडलं नाही. समुद्राचं काम झालं ते आत बसून, एकेका शेजाऱ्याशी बोलून. १९७३ मध्ये तिसरी सागरी कायदा परिषद सुरू झाली तेव्हा फिलिपाइन्स, फिजी आणि मॉरिशस बरोबर होते. मोठ्या आरमारांना चिंता होती सुंडा आणि लोंबोकच्या सामुद्रधुनींतून जाणाऱ्या टँकरांची आणि पाणबुड्यांची. त्यांना ठरलेल्या मार्गांनी अखंड ये-जा करू दिली गेली. शेजाऱ्यांचे परंपरागत मासेमारीचे हक्क राखले गेले. मलेशियाच्या पूर्व-पश्चिम भागांतल्या दळणवळणासाठी १९८२ मध्ये वेगळा करार झाला. रेषा वाटेल तशा ताणता येऊ नयेत म्हणून पाणी आणि जमीन यांचं प्रमाण १:१ ते ९:१ असं बांधलं गेलं. त्याच वर्षी १० डिसेंबरला जमैकातल्या माँटेगो बे इथं करारावर सह्या झाल्या. त्याचा चौथा भाग द्वीपसमूह देशांचा आहे. मोख्तार तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. करार १६ नोव्हेंबर १९९४ रोजी अमलात आला.

म्हणून इंडोनेशियाला जगात जागा कधी मिळाली असं विचारलं, तर मी १९५० न म्हणता १९८२ म्हणेन. १९५० मध्ये तो दुसऱ्यांनी लिहिलेल्या नियमांच्या सभेत बसला. १९८२ मध्ये त्या नियमांत त्याचं स्वतःचं प्रकरण होतं, आणि लंडन-वॉशिंग्टनच्या आरमारांनाही ते विचारात घ्यावं लागणार होतं. चीन नातुना बेटांजवळच्या पाण्यावर हक्क सांगतो; त्याविरुद्ध २०२० मध्ये इंडोनेशियानं संयुक्त राष्ट्रांना लिहिलेल्या पत्रात याच कराराचा आधार घेतला. नेदरलँड्सनं १७ ऑगस्ट १९४५ ही तारीख पूर्णपणे मान्य केली ती जून २०२३ मध्ये, पंतप्रधान मार्क रुट यांच्या तोंडून. तोवर इंडोनेशियाला त्या मान्यतेची व्यावहारिक गरज उरली नव्हती.

या देशाच्या रेषांच्या आत मात्र अशी माणसंही आली, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं. पश्चिम न्यू गिनी १ मे १९६३ रोजी इंडोनेशियाकडे गेली. १९६९ मध्ये तिथल्या लोकांचा कौल घ्यायचा होता. तो घेतला गेला सरकारनं निवडलेल्या हजारभर प्रतिनिधींकडून, सैन्याच्या पहाऱ्यात. पोलिसी कारवाईविरुद्ध सुरक्षा परिषदेचं दार ठोठावणाऱ्या देशानं डिसेंबर १९७५ मध्ये पूर्व तिमोरवर सैन्य पाठवलं आणि आपल्या अंतर्गत कारभाराची तीच जुनी ढाल पुढे केली. तिमोरच्या बाजूनं लेक सक्सेससारखं बोलणारं कोण होतं, आणि २००२ पर्यंतची त्यांची वाट कशी झाली, ते पुढच्या भागात.