देहांतील पाण्याचा जमाखर्च

दि. १६ एप्रिल २०२३ रोजीं पनवेल तालुक्यांत खारघर येथें भर उन्हांत झालेल्या समारंभानंतर उष्माघातानें १४ जण दगावले, याचें स्मरण वाचकांस असेलच. खाडीकांठच्या दमट हवेंत घाम वाहतो, पण सुकत नाहीं. देह निवत नाहीं, पाणी मात्र जातें. अशा वेळीं त्या पाण्याचा हिशेब कोण राखतो?

आपलीं मूत्रपिंडें दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात. पैकीं जेमतेम दीड लिटर मूत्ररूपानें बाहेर पडतो, बाकीचा रक्तांत परततो. घामानें रक्त दाट होऊं लागलें कीं मेंदूस तें कळतें व त्याच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथि व्हॅसोप्रेसिन नांवाचें हॉर्मोन रक्तांत सोडते. तें पोंचतांच मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांचीं जलद्वारें उघडतात, पाणी परत शोषलें जातें, आणि लघवी थोडी व गडद होते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींचें अल्डोस्टेरॉन हें हॉर्मोन मीठ राखून या कामीं साह्य करतें.

परंतु हे कारभारी काटकसर करतील, मिळकत कोठून आणतील? मळ वाहून नेण्यास रोज अर्धा लिटर पाणी तरी खर्ची पडतेंच. मिळकतीचें काम तहानेचें. आणि वृद्धापकाळीं तहानच मंदावते, मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्तीही घटते. म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, उन्हाळ्यांत वडीलधाऱ्यांनीं मागण्याची वाट न पाहतां घरच्यांनीं त्यांच्यापुढें वेळोवेळीं पाण्याचा पेला ठेवावा. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळें ज्यांचें पाणी बेताचें ठेवलें असेल, त्यांच्यासाठीं मात्र डॉक्टरांचा सल्लाच प्रमाण मानावा.