संपणारं वाण

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत महाराष्ट्रात हळदीकुंकवाचे दिवस असतात. संक्रांत सूर्याच्या गणिताने येते आणि रथसप्तमी माघातल्या तिथीने, त्यामुळे हा काळ दर वर्षी कमी-जास्त होतो. २०२४ मध्ये १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असा महिनाभर मिळाला; २०२६ मध्ये १४ ते २५ जानेवारी, जेमतेम बारा दिवस. काळ आखूड असला की एका संध्याकाळी चार-चार घरं उरकावी लागतात. प्रत्येक घरी हळदीकुंकू, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, आणि निघताना हातात वाण. रथसप्तमी झाली की ती सगळी वाणं ओट्यावर मांडून बघावीत. तीन प्लॅस्टिकच्या डब्या, दोन स्टीलच्या वाट्या, एक गाळणी, एक कंगवा-आरसा, एक मोबाइल ठेवायचा स्टँड, दोन पिशव्या. बहुतेक सगळं घरात आधीपासून असलेलं.

हे का होतं, हे एकदा हिशेब मांडून पाहिलं की नीट कळतं. एका इमारतीत बारा घरं आहेत असं धरू. प्रत्येकीने बाकीच्या अकराजणींना बोलावलं, तर एकूण १३२ वाणं दिली जातात. वाण तीस रुपयांचं धरलं तर प्रत्येकीचे ३३० रुपये गेले आणि बदल्यात तिच्या घरात अकरा वस्तू आल्या. इमारतीचे मिळून ३,९६० रुपये खर्च झाले. एवढ्या पैशांत चांगल्या, जाड बुडाच्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या वस्तू आल्या असत्या. पण ती रक्कम तीस-तीस रुपयांत चिरली गेली, आणि तीस रुपयांत मिळणारी वस्तू तीस रुपयांचीच असते: झाकण न बसणारी डबी, बोटाने दाबली तर वाकणारी वाटी.

त्यात खरेदीची रीतही भर घालते. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट-भुलेश्वर, आणि आता प्रत्येक गावातली घाऊक दुकानं. इथे वाण डझनावर मिळतं. घेणारी बाई चाळीसजणींसाठी एकच वस्तू निवडते, म्हणजे ती कुणा एकीच्या गरजेची असण्याचा प्रश्नच उरत नाही. निवडताना कसोटी एकच लागते: गेल्या वर्षी दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं ना? या कसोटीमुळे दर वर्षी काहीतरी नवीन, म्हणजे आणखी बिनगरजेचं, शोधलं जातं. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. उलट प्रत्येकीने मनापासून, वेळ काढून, गर्दीत जाऊन ते आणलेलं असतं. म्हणूनच मला ते कपाटाच्या तळाशी पडलेलं बघवत नाही.

आता या प्रथेचं मूळ सामान पाहा. संक्रांतीचं मूळ वाण म्हणजे सुगड. कुंभाराकडची दोन छोटी मातीची बोळकी, त्यांवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, आणि आत उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या, पावट्याच्या शेंगा, तीळ. म्हणजे पौषात शेतात जे तयार असतं ते. दोन-तीन दिवसांत पोरं बोरं खाऊन टाकतात, घाटे सोलले जातात, आणि उरतं ते मातीचं बोळकं. चैत्रातलं हळदीकुंकूही असंच. चैत्रगौरीपुढे बोलावलेल्या बाईला कैरीची डाळ, पन्हं, आणि ओटीत भिजवलेले हरभरे. ती घरी जाते, रात्री हरभऱ्यांची उसळ करते आणि वाण संपतं. चैत्रात कुणालाही वाटत नाही की आपल्याला कमी मिळालं. संक्रांतीलाच वस्तू का हवी, याला परंपरेचं उत्तर नाही. ती घाऊक बाजाराने नंतर लावलेली सवय आहे, असं माझं मत आहे.

तेव्हा करायचं ते एवढंच: खाऊन किंवा वापरून महिन्याभरात संपेल असं वाण द्यायचं. सांगायला सोपं आहे, पण त्यातल्या बारीकसारीक गोष्टी आधी ठरवाव्या लागतात.

पहिली गोष्ट वेळेची. संक्रांतीच्या आठवड्यात हे ठरवायला गेलं तर उशीर झालेला असतो. बहुतेकींची खरेदी डिसेंबरातच आटपलेली असते. मार्गशीर्षातले गुरुवार यासाठी सोयीचे. शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला शेजारणी जमतातच, तिथे विषय काढावा. नाहीतर इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर साधा निरोप टाकावा: "यंदा आपण सगळ्याजणी संपणारं वाण देऊ या का? ज्यांनी आधीच आणलंय त्यांनी ते जरूर द्यावं." दुसरं वाक्य वगळू नये. ज्या बाईने चाळीस डब्या आणून ठेवल्या आहेत तिला चोरट्यासारखं वाटता कामा नये.

दुसरी गोष्ट: बदल देण्याच्या बाजूने होतो, घेण्याच्या बाजूने होत नाही. कुणाच्या घरी जाऊन "मला वाण नको" म्हणणं म्हणजे तिच्या दारातून तिला परत पाठवण्यासारखं आहे. तसं कधी करू नये. मिळेल ते आनंदाने घ्यावं आणि आपल्या घरून काय जातं तेवढं बदलावं. एका इमारतीत दोघी-तिघींनी केलं की पुढच्या वर्षी बाकीच्या विचारायला लागतात, कारण चाळीस वस्तू उचलून आणायचा त्रास सगळ्यांनाच असतो.

मग द्यायचं काय? माझी पहिली पसंती हळदीला. हळदीकुंकवात हळदीइतकं शोभणारं दुसरं काही नाही, आणि ती लागत नाही असं मराठी स्वयंपाकघर नाही. एक किलोत ५० ग्रॅमच्या वीस पुड्या होतात, म्हणजे चाळीसजणींना दोन किलो पुरते. किलोच्या भावाला वीसने भागलं की एका वाणाची किंमत निघते. आमटी-भाजीत मिळून रोज अर्धा चमचा हळद जात असेल, तर ५० ग्रॅम महिनाभर चालते. दळलेली आणण्यापेक्षा हळकुंडं आणून मसाल्याच्या गिरणीतून दळून घ्यावीत. काय दळलं ते डोळ्यांनी दिसतं आणि वास टिकतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि त्याआधी २०१६ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जी आणाल तिचं गाव पुडीवर लिहावं. घेणारीला ते वाचायला आवडतं.

पुडी बांधायची तीही नीट. हळद बारीक असते, साध्या घडीतून झिरपते आणि पर्समधला रुमाल पिवळा करते. वर्तमानपत्राचा कागद खाण्याच्या वस्तूला वापरू नये, त्याची शाई अन्नाला लागते. आत बटर पेपरचा वीतभर चौकोन, मधोमध हळद, समोरासमोरच्या कडा एकत्र धरून दोन बारीक घड्या घालत खाली आणायच्या, मग दोन्ही टोकं आत मुडपून मागे वळवायची. त्यावर खाकी कागदाचं तसंच दुसरं वेष्टण आणि सुती दोऱ्याची गाठ. पहिल्या पाच-सहा पुड्या वाकड्यातिकड्या होतात, पुढे हात बसतो. घरातली मुलं सोबत बसली तर चाळीस पुड्या एका संध्याकाळी होतात.

दुसरं मला आवडणारं वाण म्हणजे मेथी आणि धणे, पेरायला. जानेवारीतली थंडी दोन्हींना मानवते. यासाठी बियाण्याच्या दुकानातून बी आणू नये, किराणा दुकानातली खाण्याची मेथी आणि अख्खे धणे घ्यावेत. बियाण्याच्या दुकानातल्या बियांना पुष्कळदा औषध चोळलेलं असतं, ते खाण्यात जाता कामा नये. स्वयंपाकाचीच मेथी दिली तर जिला पेरायला जागा नाही ती फोडणीत घालते, वाया काही जात नाही. सोबत चिठ्ठीवर चार ओळी लिहाव्यात. मेथी रात्रभर भिजवून पेरावी, तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजीजोगी होते. धणे लाटण्याखाली हलके रगडून दोन फाका कराव्यात, कारण एका धण्यात दोन बिया असतात. त्यांना उगवायला आठ-दहा दिवस किंवा थोडे जास्तही लागतात, तोवर उकरून पाहू नये. कुंडी नसली तरी चालते, जुनं घमेलं किंवा तळाला भोकं पाडलेला पसरट डबा पुरतो.

याखेरीज गुळाची ढेप फोडून पाव-पाव किलोचे खडे, तीळ, शेंगदाण्याची चटणी, खोबऱ्याचा कीस, अंगाला लावायचं उटणं, असं बरंच काही सुचेल. चटणी किंवा लाडू करायला वेळ नसेल तर जवळच्या बचत गटाकडून घ्यावेत. मागणी मात्र पंधरा दिवस आधी द्यावी, कारण त्या बायकांनाही संक्रांत असतेच.

दोन गोष्टींपासून सावध करावंसं वाटतं, कारण त्या दिसायला चांगल्या असतात. एक, कापडी पिशवी. पहिली पिशवी उपयोगाची असते, दुसरीही असेल. नववी कापडी पिशवी नवव्या डबीसारखीच अडगळ आहे, आणि तिच्यासाठी कापूस पिकवून, कापड विणून, रंगवून झालेलं असतं. दोन, रोप. तुळशीचं रोप द्यायची कल्पना सुंदर आहे, पण चाळीस घरांपैकी किती घरांत ऊन येतं? रोप द्यायचं तर विचारून, ज्यांना हवं त्यांनाच द्यावं. पुस्तकाचंही तसंच. ओळखीच्या बाईला तिच्या आवडीचं पुस्तक द्यावं. एकाच पुस्तिकेच्या चाळीस प्रती वाटल्या की त्यांचं पुढे काय होतं ते मार्गशीर्षातल्या व्रताच्या पोथ्या सांगतात. प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा असतो.

इमारतीत किंवा आळीत एकमत होत असेल तर सामुदायिक हळदीकुंकू सगळ्यात हलकं पडतं. बाराजणींनी मिळून एका संध्याकाळी गच्चीवर किंवा अंगणात हळदीकुंकू करायचं. १३२ वाणांच्या जागी बारा पुरतात. प्रत्येकीने शंभर रुपये काढले तरी १,२०० रुपयांत तिळगूळ, मसाला दूध आणि वाण भागतं, आणि रोज संध्याकाळी साडी नेसून धावपळ करण्याऐवजी एकदा निवांत बसून बोलता येतं. ज्येष्ठ बायका याला कधी कधी नाखूश असतात. आपल्या घरी बायका आल्या पाहिजेत, उंबऱ्यातून कुणी रित्या हाताने जाऊ नये, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. तिथे वाद घालू नये. सासूबाईंना त्यांच्या घरचं हळदीकुंकू करू द्यावं, आणि "आई, या वर्षी वाण मी आणू का?" एवढंच विचारावं. हळदीच्या पुडीला कुठलीच सासू नको म्हणत नाही.

नव्या नवरीची पहिली संक्रांत आणि लहान मुलाचं बोरन्हाण यांना मात्र वेगळं मोजावं. तिथे देणं एका माणसाला असतं, त्या माणसाची ओळख असते, आणि टिकणारी वस्तू द्यायची ती तिथेच. हलव्याचे दागिनेही तिथलेच. तिळावर किंवा खसखशीवर मंद आचेवर चमचा-चमचा पाक सोडत, हाताने फिरवत, वाळवत, पुन्हा पाक सोडत काही दिवसांनी काटा फुटतो. तो हलवा चाळीसजणींसाठी करणं कुणाच्या हातचं काम नाही. एका सुनेसाठी, एका नातवासाठी ते जरूर करावं.

पैसे आणि कष्ट वाचले की त्यांचं काय करायचं, यावर मी आग्रहाने एक सांगेन: बोलावण्याची यादी वाढवावी. वाण महाग आणि मोजून आणलेलं असलं की यादी आखडते. हळदीची पुडी असली की आणखी दहाजणी सहज येतात: इमारतीत काम करणाऱ्या ताई, वॉचमनकाकांच्या घरच्या, नव्याने राहायला आलेल्या परप्रांतीय शेजारणी. आणि ज्यांचे पती नाहीत त्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. ठराव ग्रामपंचायत करते, पण दारात जाऊन "काकू, संध्याकाळी या" असं म्हणायला शेजारीणच लागते. बोलावणं इतरांसारखंच असावं, ओळीत बसवावं, वाण तेच द्यावं. एखादीला अजून हळदीकुंकू लावून घ्यायला संकोच वाटत असेल तर भरीला घालू नये. तिळगूळ आणि वाण हातात द्यावं.

राहिलं ते आधीच साठलेलं. रथसप्तमीनंतर एक दुपार काढून सगळ्या वर्षांची वाणं बाहेर काढावीत. स्टीलच्या वाट्या-ताटल्या भंगारवाला घेतो. न वापरलेल्या चांगल्या डब्या, डिश, गाळण्या जवळच्या अंगणवाडीत किंवा मुलींच्या वसतिगृहात लागतात का ते आधी विचारावं, मग न्याव्यात. न विचारता नेऊन टाकल्या तर आपली अडगळ त्यांच्या माथी बसते. प्लॅस्टिक, पत्रा आणि आरसा एकत्र चिकटवलेल्या वस्तू भंगारातही सहसा कुणी घेत नाही, त्यांतलं जे सुटं करता येईल ते करून सुक्या कचऱ्यात द्यावं. डब्यांतल्या दोन-चार घट्ट झाकणाच्या ठेवून घ्याव्यात. पुढच्या पौषात हळद दळून आणली की पुड्या बांधेपर्यंत ती त्यांतच ठेवता येते.