रजेवरील सहकारी शिक्षक

ताप आला अथवा हाड मोडले म्हणजे शिक्षकाच्या रजेविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु मन खचले, झोप उडाली, वर्गात पाऊल ठेवताच छाती धडधडू लागली, तर तो आजार मानावयास गाव सहसा तयार होत नाही. त्यामुळे रजेच्या अर्जात खरे कारण येत नाही आणि उपचारही लांबतात.

सौम्य नैराश्य व चिंताविकार हे बरे होणारे विकार होत. मात्र केवळ रजा म्हणजे उपचार नव्हे. ती जितकी लांबते, तितके परतणे अवघड वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, उपचार आणि कामातील सोयीचे फेरबदल यांची सांगड घालण्याची शिफारस आहे.

येथे मुख्याध्यापकांना पुष्कळ करता येण्याजोगे आहे. रजेच्या काळात अधूनमधून आपुलकीने विचारपूस करावी. कामाचा तगादा लावू नये. कोणते काम जड जाते, हे रुजू होण्यापूर्वी त्या शिक्षकाशीच बोलून ठरवावे. आरंभी शक्यतो एकच इयत्ता सोपवावी, नोंदवह्यांचे काम इतरांनी वाटून घ्यावे, आणि पंधरवड्याने पुन्हा विचार करावा. आजाराची वाच्यता होऊ देऊ नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

सल्ल्यासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानी आले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

अडखळलेल्या मुलास हात देणे शिक्षकास शिकवावे लागत नाही; तोच हात शेजारच्या वर्गातील सहकाऱ्यापर्यंत पोचावा.