अर्धा इंच म्हणजे किती?

व्यापाऱ्याची पत जशी तराजूच्या दांडीवर ठरते, तशीच ती मापाच्या पट्टीवरही ठरते. कापड मोजताना चूक झाली तर ग्राहकाचे चार पैसे जातात. परंतु गरम पाण्याच्या टाकीला चुकीचा जोड दिला गेला, तर एखाद्याचे अंग भाजण्याचा प्रसंग ओढवतो. सुरतेच्या जुन्या घरांतील तांब्याच्या बंबाची जागा आता विजेच्या गिझरने आणि गच्चीवरील सौर टाकीने घेतली आहे. त्यामुळे नळसामानाचा व्यवसाय करणाऱ्या बंधूंनी, आणि ज्यांच्या घरी अशी टाकी आहे त्या सर्वांनीच, आट्यांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम आमच्याच चुकीची कबुली देतो. एका जुन्या ग्राहकाच्या चिरंजीवांनी अमेरिकेहून टाकीसाठी सुरक्षा-झडप पाठविली होती. तिच्यासाठी पाऊण इंची पितळी सॉकेट मागण्यात आले आणि आम्ही गल्ल्यावरून उठण्याचेही कष्ट न घेता ते काढून दिले. दोन-तीन आटे सहज बसले. पुढे कारागिराने टेप गुंडाळून पान्याने आवळले. थंड पाण्यावर एक थेंबही गळला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी तापले, दाब वाढला आणि जोडातून कढत पाण्याची धार उडाली. घरातील वृद्ध मातोश्री दोन पावले मागे होत्या, म्हणूनच अनर्थ टळला. सॉकेट निर्दोष होते, झडपही निर्दोष होती. दोघांची जात मात्र वेगळी होती.

ही जात ओळखावी कशी? पहिली गोष्ट ही की, नळाचे नाव हे त्याचे माप नव्हे. अर्धा इंची, म्हणजे आपल्या कारागिरांच्या भाषेत चार सुती, नळाचे आटे बाहेरून मोजले तर सुमारे २१ मिलिमीटर भरतात. अर्धा इंच तर १२.७ मिलिमीटरच असतो. पूर्वी लोखंडी नळाला त्याच्या आतील पोकळीवरून नाव पडले. पुढे भिंती पातळ झाल्या, पोकळी वाढली. परंतु आटे बाहेरच्या अंगावर पाडायचे असल्याने बाहेरचा व्यास तोच ठेवणे भाग पडले. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान पद्धती आली, अर्धा इंची नळ कागदोपत्री १५ मिलिमीटरचा झाला. आटे मात्र जुनेच राहिले.

तेव्हा नाव न विचारता व्यास मोजावा. बाहेरील आट्यांचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर असेल तर अर्धा इंची, २६.४ असेल तर पाऊण इंची, ३३.२ असेल तर एक इंची आणि ४२ च्या आसपास असेल तर सव्वा इंची समजावा. आटे आतून असतील तर तोंडाची पोकळी अर्ध्या इंचीस सुमारे १८.६, पाऊण इंचीस २४.१ व एक इंचीस ३०.३ मिलिमीटर भरते.

त्यानंतर आटे मोजावेत. आपल्याकडे रूढ असलेल्या ब्रिटिश पद्धतीत अर्धा व पाऊण इंची नळावर एका इंचात १४ आटे असतात. एक इंची व त्यावरील नळांवर ११. या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू गोळा करून १८४१ साली ही घडण सुचविली. अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा कोन पुढे मांडला, आणि तेथील नळांचे आटे त्याच कोनाचे झाले.

खरी फसगत येथेच आहे. अमेरिकन एक इंची नळाला साडेअकरा आटे असल्याने तो आपल्या सॉकेटात लवकरच अडतो व चूक कळते. अर्ध्या व पाऊण इंचीत मात्र दोन्हीकडे १४ च आटे! म्हणून ते एकमेकांत शिरतात, पण कोन जुळत नसल्याने मळसूत्राच्या वाटेने पाण्याला फट राहते. अशा वेळी आट्यांचा माथा पाहावा: ब्रिटिश आटा माथ्याशी गोलसर, अमेरिकन चपटा. वस्तूवर ‘एनपीटी’ ही अक्षरे असल्यास ती अमेरिकन जाणावी. संशय राहिल्यास आट्यांचा गेज लावावा आणि दोन्ही जातींना जोडणारा खास अडॅप्टर द्यावा. टेपचे आणखी चार वेढे हा त्यावर उपाय नव्हे.

तिसरी परीक्षा उताराची. काही आटे सरळ असतात, तर काही टोकाकडे निमुळते होत जातात. निमुळता आटा आवळताना स्वतःच घट्ट होतो. तेथे टेप किंवा ताग-सफेदा चालतो. सरळ आट्यावर वॉशर दाबून बसतो तेव्हा पाणी अडविण्याचे काम वॉशरचे असते, आणि गरम पाण्यासाठी तो उष्णता सोसणाराच हवा.

एवढी काटेकोर काळजी कशासाठी? २५ लिटरची टाकी २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापली की पाणी सुमारे ७०० मिलिलिटरने फुगते. त्याला वाट मिळाली नाही, तर दाब वाढत जाऊन टाकीच फुटू शकते. म्हणून सुरक्षा-झडपेचे तोंड, ते ठिबकते या कारणास्तव, कोणी बूच मारून बंद करू लागल्यास त्यास बूच विकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते विकून मिळणारा नफा आपल्याला नको.

त्या घटनेनंतर आम्ही गल्ल्याजवळ कॅलिपर, आट्यांचा गेज आणि अर्धा, पाऊण व एक इंची जोडांचे खात्रीचे नमुने टांगून ठेवले आहेत. ग्राहक गुजरातीतून ‘आंटा’ म्हणो वा खानदेशी कारागीर मराठीतून ‘आटे’ म्हणो, आम्ही जुना जोड हातात घेतल्याशिवाय नवा देत नाही. यात दोन मिनिटे अधिक जातात खरी. परंतु त्या मातोश्री आजही आमच्या दुकानावरून जाताना थांबून विचारपूस करतात, तेव्हा ती दोन मिनिटे सत्कारणी लागली असे वाटते. सभासद बंधूंनीही हा परिपाठ ठेवावा, ही नम्र विनंती.