सोयाबीनच्या मुळांवरील गाठी

आपल्या बहुसंख्य पालकांची शेती कोरडवाहू. म्हणून इतिहासाच्या शिक्षकाने हा विषय घेतला. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. गाठ चिरून पाहावी. आतून गुलाबी असल्यास ती कार्यरत समजावी. गाठी कामास लागेपर्यंत तीन-चार आठवडे जातात, तेवढ्यापुरते पेरणीवेळी अल्प नत्र द्यावे. पुढे युरियाचा मारा केल्यास गाठी मंदावतात, नुसता पाला माजतो. ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र. जिवाणू फुकट देतात त्यासाठी उसनवारी कशाला? वाणही शेजाऱ्याने पेरला म्हणून घेऊ नये. भारी जमिनीत शंभर दिवसांच्या आसपास येणारा जेएस ३३५ चालतो. मुरमाड रानात पाऊस लवकर सरल्यास त्याचे दाणे भरत नाहीत. तेथे सुमारे ८५ दिवसांचा जेएस ९५-६० बरा.